उशीखाली पोळ्या लपवणाऱ्या लेकीबद्दल, आणि तिच्या थकलेल्या आईबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका जोडप्याने पाच महिन्यांपूर्वी ७ वर्षांची मुलगी दत्तक घेऊन घरी आणली. मुलगी उशीच्या अभ्र्यात पोळ्या लपवते. सोसायटीत कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते. बाबांशी गोड वागते, पण आईला ‘मावशी’ म्हणते आणि चिडली की ‘तू माझी आई नाहीस’ असं तोंडावर सांगते. सासूबाईंचं म्हणणं, ‘शेवटी रक्त ते रक्त.’ गेल्या आठवड्यात रागाच्या भरात आईच्या तोंडून ‘परत सोडून येईन तुला’ असं निघून गेलं. आईने विचारलंय, पोळ्या लपवायची सवय कशी मोडायची?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. विचारलंय तुम्ही पोळ्यांबद्दल, पण खाली एक ओळ आहे: ‘आमचं चुकलं का, असं रात्रभर डोक्यात चालू असतं.’ खरा प्रश्न तो आहे. मी २४ वर्षं दत्तक आणि बालसंगोपनाच्या कामात आहे, त्यातली बरीच वर्षं पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत आणि त्यांच्या नव्या आईवडिलांसोबत गेली. तुम्ही लिहिलेलं एकही लक्षण मला नवं नाही. पाचव्या महिन्यात ही सगळी एकत्र दिसणं हेही नवं नाही. पहिले दोन-तीन महिने मूल पाहुण्यासारखं वागतं, आणि जरा पाय रोवले की मग घराची परीक्षा घ्यायला लागतं.

आधी एक कबुली देते. मी तुमच्या लेकीला पाहिलेलं नाही. तिच्याबद्दल नेमकं काय म्हणता येईल ते एका गोष्टीवर फार अवलंबून आहे: सात वर्षांत तिला सांभाळणारे हात किती वेळा बदलले? तान्हेपणापासून एकाच संस्थेत वाढलेलं मूल आणि चार-पाच वर्षांपर्यंत स्वतःच्या आईजवळ राहून मग संस्थेत आलेलं मूल, ही दोन अगदी वेगळी मुलं असतात. दत्तक घेताना तुम्हाला तिचा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळाला असेल. तेव्हा तुम्ही तो आनंदात वाचला असणार, बहुतेक सगळे तसाच वाचतात. आता एका निवांत दुपारी तो पुन्हा काढा. कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर तिचं वय मांडत जा: इथपर्यंत कोणाजवळ, मग कुठल्या संस्थेत, तिथून कुठे हलवलं, कोणती ताई सोडून गेली. मी प्रत्येक कुटुंबासोबत ही रेघ काढते. ती काढताना आईवडील गप्प होतात, कारण रेघेच्या टोकाला आपलं घर हे तिसरं किंवा चौथं ठिकाण म्हणून दिसतं. तुमच्यासाठी ही सुरुवात आहे. तिच्या अनुभवात हे आणखी एक ठिकाण आहे, आणि याआधीची सगळी ठिकाणं सुटलेली आहेत.

आता पोळ्या. ही सवय मोडायची नाही, तिची गरज संपवायची आहे. संस्थेत मुलं उपाशी राहतात, हा गैरसमज आधी काढून टाका; चांगल्या संस्थेत तसं होत नाही. पण तिथे जेवण घंटेवर मिळतं. ताट घेऊन रांगेत बसायचं, वाढलं की खायचं, आणि स्वयंपाकघराच्या आत मुलांनी जायचं नाही. म्हणजे पोट भरलेलं असलं तरी अन्न कधीच आपल्या हातात नसतं. त्याआधी घरी उपासमार झाली असेल तर ती आठवण वेगळीच. तुमच्या घरात ती पहिल्यांदा अन्नाच्या इतक्या जवळ राहतेय. पोळी लपवणं म्हणजे तिने स्वतःसाठी केलेली सोय आहे. तिला हावरट म्हणू नका, चोरी हा शब्द तर घरात उच्चारूच नका.

करायचं काय, तर तिच्या नावाचा एक स्टीलचा डबा आणा, झाकण तिला उघडता येईल असा. तो तिच्या हाताला येईल अशा फळीवर किंवा पलंगाशेजारी ठेवा. त्यात टिकणारं काहीतरी: शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, खारीक, चणे-फुटाणे. नियम दोनच. त्यातलं कधी आणि किती खायचं हे ती ठरवणार, आणि डबा रिकामा दिसला की न बोलता भरायचा. ‘एवढ्यात संपवलंस?’ हे मनातही आणू नका, चेहऱ्यावर दिसतं. उशीखालच्या पोळ्या तिच्यादेखत ओढून काढून फेकू नका. ‘या वाळल्यात, त्या आपण गाईला देऊ आणि तुझ्या डब्यात ताजं ठेवू’ एवढंच म्हणा.

एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईला मी हेच सांगितलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). पहिल्या आठवड्यात तो रोज दुपारपर्यंत डबा फस्त करायचा. आई वैतागून फोन करायची, मी म्हणायची भरत राहा. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी डब्यात दोन लाडू उरलेले दिसायला लागले. साधारण चार महिन्यांनी तिचा फोन आला आणि ती हसत-रडत सांगत होती, ‘ताई, डब्यातल्या लाडवाला बुरशी आली.’ त्याला डब्याचा विसर पडला होता. त्या बुरशीइतकी चांगली बातमी मला त्या वर्षी दुसरी मिळाली नाही. तुमच्याकडे चारच महिने लागतील असं नाही, कुणाला वर्षही लागतं. पण दिशा तीच असते.

कुणाच्याही मांडीवर बसण्याबद्दल शेजारीपाजारी तुम्हाला ‘किती मनमिळाऊ हो पोर!’ म्हणत असतील आणि तुम्हाला आतून खुपत असेल. तुमचं खुपणं बरोबर आहे. संस्थेत लोक वाढदिवस साजरे करायला येतात, केक आणतात, फोटो काढतात आणि जातात. अनोळखी माणसाकडे बघून हसलं की काहीतरी मिळतं, हे मूल तिथे शिकतं. आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक तिला अजून कळायचा आहे, आणि तो बोलून कळत नाही. म्हणून निदान पुढचे सहा महिने तिला भरवणं, आंघोळ, वेणी, झोपवणं, लागलं-पडलं की फुंकर घालणं, हे सगळं फक्त तुम्ही दोघांनीच करा. बाकीच्यांनी प्रेम जरूर करावं, पण तिने काही मागितलं की ‘आईला विचारू या’ म्हणून तिला तुमच्याकडे वळवावं. सोसायटीतल्या काकूंना हे विचित्र वाटेल. वाटू दे. यात तिच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे: जी मुलगी कुणाच्याही मांडीवर बसते, ती कुणाहीबरोबर जिन्याखालीही जाऊ शकते.

‘मावशी’ या शब्दाने तुम्ही फार दुखावल्या आहात असं दिसतंय. त्याबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांमध्ये सांभाळणाऱ्या बाईंना मुलं मावशीच म्हणतात. जी भरवते, न्हाऊ घालते, ताप आला की जागते, तिच्यासाठी तुमच्या लेकीजवळ असलेला हा सगळ्यात जवळचा शब्द आहे. तिने तो तुम्हाला दिलाय. ‘आई’ हा शब्द तिच्याजवळ आहे, पण त्याला एक जखम आहे. त्या जागेवर कुणीतरी होतं, खरं किंवा मनात रंगवलेलं, आणि ते निघून गेलं. म्हणूनच तिचा सगळा राग तुमच्या वाट्याला येतो आणि बाबांच्या वाट्याला लाड येतात. बाबा ही जागा बऱ्याच मुलांसाठी कोरी असते, तिथे हरवण्यासारखं काही नसतं. ‘तू माझी आई नाहीस’ याला ‘मीच तुझी आई’ असं ठणकावून उत्तर देऊ नका. ‘तुला तिची आठवण येते का?’ असं विचारा, किंवा नुसतं ‘हं, राग आलाय’ म्हणून जवळ बसून राहा. तिने जन्मदात्या आईबद्दल विचारलं तर एवढंच पुरे: ‘ती तुला सांभाळू शकली नाही. ते तुझ्यामुळे झालं नाही.’ त्या बाईला वाईट ठरवू नका, कारण मूल ते स्वतःवर ओढून घेतं.

आणि ते वाक्य. ‘परत सोडून येईन.’ तुम्ही स्वतःला फार लावून घेतलंय. हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय की त्यामुळे तुम्ही वाईट आई ठरत नाही. पण ते तसंच सोडून देता येणार नाही, कारण तिच्या मनात जी भीती आधीपासून होती, तीच तुम्ही बोलून दाखवली. आजच, ती शांत असताना, तिच्या उंचीला खाली बसा आणि सांगा: ‘त्या दिवशी मी सोडून येईन म्हणाले. ते मी चुकीचं बोलले. मी चिडले होते. मला राग आला तरी तू इथेच राहणार आहेस.’ ती बहुतेक तोंड फिरवेल किंवा उड्या मारत निघून जाईल. ऐकलेलं असतं. आठवड्याभराने पुन्हा सांगा.

शब्दांपेक्षा मुलं खुणांवर विश्वास ठेवतात. संस्थेत ‘पुढच्या वर्षी’ असं बोलणं फार कमी होतं, कारण पुढच्या वर्षी कोण कुठे असेल ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही ते मुद्दाम बोला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तिची उंची आखा, तारीख लिहा आणि म्हणा, पुढच्या पाडव्याला परत मोजू. दिवाळीच्या किल्ल्यातला एखादा मावळा ‘पुढच्या किल्ल्यासाठी’ म्हणून तिच्याच हाताने कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. दारावरच्या पाटीवर तिचं नाव आहे का? नसेल तर या आठवड्यात पाटी बदला. तिचं नाव बदललं असेल तर निदान जुनं नाव हाक मारायला राहू द्या. बऱ्याचदा तिच्याजवळ तिचं म्हणून तेवढंच असतं.

‘रक्त ते रक्त’ यावर सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना एक गोष्ट सांगा. तुमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावातून गोपाळ नावाचा १२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याला नेला गेला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. ते दत्तक गादीसाठी होतं आणि भाऊबंदांतलं होतं, हे खरं. आजचं दत्तक मुलाच्या गरजेसाठी असतं, गादीला वारस मिळावा म्हणून नव्हे. तरीही मोठं मूल मांडीवर घेणं ही आपल्याकडे कालपरवा आलेली कल्पना नाही, एवढं त्यांना पटेल. त्याहून महत्त्वाचं, सासूबाईंना काहीतरी काम द्या. रोज रात्री एक गोष्ट सांगायची, ती त्यांचीच. गोष्ट सांगणारी आजी फार दिवस परकी राहत नाही. मात्र मुलीसमोर रक्ताची भाषा चालणार नाही, हे तुमच्या यजमानांनी त्यांना सांगायचं. ते काम तुमचं नाही.

तुमचे यजमान म्हणाले की आधी फोस्टर केअर घ्यायला हवी होती. या विषयात घोळ फार असतो म्हणून दोन शब्द. फोस्टर केअरमध्ये, म्हणजे प्रतिपालनात, मूल ठरावीक काळासाठी तुमच्या घरी राहतं आणि बालकल्याण समिती त्यावर लक्ष ठेवते. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकटी व्यक्तीही असं मूल सांभाळू शकते आणि दोन वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करू शकते, पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागत. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना याहून निराळी. तिच्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि तिचा मोठा आधार एकट्या आयांना आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना होतो. प्रतिपालन हा चांगला मार्ग आहे, पण ‘जमतंय का बघू’ म्हणून घ्यायची ती चाचणी नव्हे. तुमची लेक त्या मार्गाने आली असती तरी पोळ्या लपवल्याच असत्या.

आता कायद्याची बाजू, कारण ‘परत’ हा शब्द घरात येऊन गेलाय. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, देतात. तो आदेश झाला असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार ती त्या तारखेपासून सर्व अर्थांनी तुमची मुलगी आहे, पोटच्या मुलीइतकीच. आदेश अजून व्हायचा असेल तर ती दत्तकपूर्व संगोपनात आहे. दोन्ही स्थितींत, अगदीच जमत नसेल तर संस्था, समुपदेशन आणि जिल्ह्याची यंत्रणा यांच्यामार्फत जाण्याची वाट आहे. मूल गेटपाशी सोडून येणं ही वाट नाही. काही घरं मोडतानाही मी पाहिली आहेत, ते लपवत नाही. त्यातल्या बहुतेकांनी आम्हाला सांगितलं तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं होतं. तुम्ही पाचव्या महिन्यात विचारताय. हा फार मोठा फरक आहे.

म्हणूनच पुढचा मुद्दा मला या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविकेची भेट होते. तुमची पहिली भेट आता महिन्याभरावर आली असेल. त्या दिवशी घरोघरी काय होतं ते मला पाठ आहे. घर आवरलेलं, मुलीला नवा फ्रॉक, पोहे, चहा, आणि ‘सगळं छान चाललंय मॅडम.’ एकदा अशीच एका घरातून निघाले. अहवालात लिहायला सगळं होतं: वजन वाढलंय, शाळेत जाते, आनंदी दिसते. आई लिफ्टपर्यंत सोडायला आली. लिफ्ट यायला वेळ लागत होता. ती दाराच्या जाळीकडे बघत हळूच म्हणाली, ‘मॅडम, मला दोन महिने झोप नाही. मला ती आवडत नाही असं वाटतं कधी कधी.’ मी लिफ्ट सोडून दिली आणि आम्ही दोघी जिन्यात दीड तास बसलो. तेव्हापासून मी प्रत्येक घरात आधी आईला विचारते, तुमची झोप कशी आहे? तुम्ही ही भेट परीक्षा समजू नका. इथे जे लिहिलंत तेच तिथे सांगा. खरं तर सहा महिन्यांची वाट न बघता या आठवड्यात संस्थेला फोन करा आणि जादा भेट मागा. ते त्यांचं कामच आहे.

तुम्ही विचारलं नाही, तरी तुमच्याबद्दल सांगते. बाळंतीण झालेल्या बाईला आपल्याकडे सव्वा महिना कुणी काम लावत नाही. डिंकाचे लाडू येतात, तेल-मालीश होतं. सात वर्षांची लेक आणणाऱ्या आईला यातलं काहीच मिळत नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा दिली, तीही तेव्हा तीन महिन्यांखालच्या बाळापुरतीच होती. मला त्याचा दरवेळी राग यायचा, कारण मोठ्या मुलाला नव्या घरात पहिले महिने आईचा जो वेळ लागतो तो तान्ह्या बाळाहून कमी नसतो. तेव्हा ही सोय घरानेच करायला हवी. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलगी पूर्णपणे बाबांकडे आणि तुम्ही घराबाहेर: देवळात, बहिणीकडे, नुसतं गोदाकाठी बसा. रात्री ती उठत असेल तर एक रात्र तुम्ही, एक रात्र ते. बाबा फक्त ‘लाडाचे’ राहिले तर तुमच्यावर ‘रागाची’ आई व्हायची वेळ येते, म्हणून दात घास, दप्तर भर, टीव्ही बंद कर हे त्यांनीही म्हणायचं. प्रेम वाटत नाही म्हणून घाबरू नका. मी पाहिलंय, मोठ्या मुलांच्या बाबतीत आधी काळजी घेणं येतं आणि प्रेम मागाहून, कधी वर्षाने, एखाद्या तापाच्या रात्री येतं. झोप अजिबात लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तिथे बोलणं म्हणजे हार मानणं नव्हे.

मुलीला तज्ज्ञाकडे कधी न्यायचं? स्वतःला इजा करून घेत असेल, लहान मुलांना किंवा प्राण्यांना मुद्दाम दुखवत असेल, घरातून निघून जात असेल, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं दिसत असेल, किंवा महिना झाला तरी धड झोपत-जेवत नसेल, तर थांबू नका. संस्थेला सांगून बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही दिसत नाही.

शाळेचं एकच. वर्गशिक्षिकेला दत्तकाबद्दल विश्वासात घेऊन सांगा, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. ‘वंशवृक्ष काढा’, ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ असे प्रकल्प येतात तेव्हा बाईंना आधी माहीत असलेलं बरं. तिच्याकडे तान्हेपणीचा फोटो नसेल तर संस्थेला विचारा, जुन्या फायलीत एखादा निघतो. तो निघाला तर वहीच्या पहिल्या पानावर लावा आणि पुढची पानं तुमच्या घरातली. सात वर्षांच्या मुलांना स्वतःची अशी वही फार आवडते. कित्येक जणी ती रात्री उशाशी घेऊन झोपतात.

डबा मात्र आजच आणा, आणि दुकानात तिला बरोबर न्या. कुठला घ्यायचा ते तिला ठरवू द्या. वर नाव कोरून मिळत असेल तर तेही करून घ्या. महिन्याभराने इथेच लिहून कळवा, डब्यात काय उरतंय आणि तुम्हाला झोप लागतेय का. मी वाट बघतेय.